पडद्यावरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, ते आजच तपासा

तुमच्या चर्चच्या मंडळीत जुने माईक बदलायचे, प्रोजेक्टर बसवायचा, उपासना यूट्यूबवर दाखवायची अशी चर्चा चालू असेल, तर हा अनुभव पंच कमिटीच्या बैठकीत जरूर वाचून दाखवा. आम्हाला फसवणारा माणूस अजून मोकळा आहे. शेजारच्या तालुक्यातही तो हेच बोलणं घेऊन पोचल्याचं कानावर आलं, म्हणून लिहायला बसले.

आमचं चर्च अहिल्यानगर जिल्ह्यातलं, मिशनरींच्या काळातलं. दगडी भिंती, वर पत्रे. बोललेला शब्द भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांना उपदेश नीट ऐकू येत नसे. गाण्यांसाठी ओव्हरहेड प्रोजेक्टर होता, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं हाताने लिहिलेल्या पारदर्शक कागदांवरून पडद्यावर यायची. लॉकडाऊनमध्ये तरुण संघाच्या मुलांनी मोबाईलवरून उपासना दाखवली आणि पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं पुन्हा जोडली गेली. तेव्हापासून सगळ्यांचं म्हणणं होतं की हे काम आता नीट उभं करावं. पैसे कापणीच्या सणात जमले. लोकांनी आणलेल्या बाजरीचा, शेंगांचा, कोंबड्यांचा लिलाव झाला. एका आजींनी अंड्यांचे साठवलेले पैसे रुमालात बांधून आणून दिले. ते पैसे काय होते, हे कळावं म्हणून सांगते.

आम्हाला फसवणारा गृहस्थ संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा जागवणाऱ्या प्रार्थनासभेत भेटला. गळा चांगला, प्रार्थना लांबलचक, पाळकसाहेबांना वाकून सलाम. "ताई, धंदा मी बाहेर करतो. प्रभूच्या घरात नफा घेत नाही, ही माझी सेवा आहे. मंडळ्या मागे राहू नयेत असं ओझं प्रभूने माझ्या मनावर ठेवलंय," असं तो म्हणाला. कमिटीने नियमाप्रमाणे तीन ठिकाणची कोटेशनं मागवली. तिन्ही आली आणि याचं सगळ्यांत कमी होतं. पुढे पोलिसांत देण्यासाठी कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की तिन्ही कोटेशनांत प्रोजेक्टरच्या मॉडेल नंबरात एक शून्य जास्त पडलं होतं, तेही एकाच जागी. उरलेली दोनही त्यानेच तयार करून वेगळ्या नावांनी पाठवली होती.

प्रोजेक्टरच्या खोक्यावर ९००० ल्युमेन्स (उजेडाचं माप) आणि फोर-के (चित्राची बारकाई) असं ठळक छापलेलं. रविवारी सकाळी खिडक्यांतून ऊन आत आलं की पडद्यावर फक्त करडा चौकोन दिसायचा, ओळी नाहीत. खोक्यावरच्या अशा आकड्यांना काडीचा अर्थ नसतो. एएनएसआय ल्युमेन्स किती, हे विचारा, कारण ते ठरलेल्या पद्धतीने मोजतात. नऊ हजार ल्युमेन्सच्या नावाने विकलेल्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरात ते काहीशेच निघतात. उजेड असलेल्या मोठ्या सभागृहाला निदान तीन-चार हजार तरी लागतात. 'फोर-के सपोर्ट' म्हणजे यंत्र तसा सिग्नल फक्त स्वीकारतं, दाखवताना स्वतःच्या क्षमतेइतकंच दाखवतं. त्याची मूळ रिझोल्यूशन लेखी मागा.

बिनतारी माईक तर भर उपदेशात खरखरायचे. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाने रिसीव्हर उलटा करून मागचा स्टिकर वाचला आणि दोष लगेच सापडला. माईक ज्या लहरींवर चालतो त्यांचे, ७८० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे त्यावर होते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल कंपनीकडे गेलेला आहे आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झमध्ये टॉवरकडून मोबाईलकडे येणारा सिग्नल चालतो. टॉवर जवळ असेल तर त्या पट्ट्यातल्या माईकची धडगत नाही. अमेरिकेत तर २०१० पासूनच ७०० मेगाहर्ट्झच्या बिनतारी माईकवर बंदी आहे. घेण्याआधी खोका उघडून तो आकडा वाचायला एक मिनिट पुरतं. स्पीकरची वायर तांब्याची म्हणून लावली होती. ब्लेडने खरवडली तर आतून ॲल्युमिनियम. आमचा जुना अँप्लिफायर आणि भोंगे चांगले चालत होते, ते त्याने "भंगारात वळते करतो" म्हणून नेले. त्याची वजावट बिलात कुठेच नाही. जुनी वस्तू निकामी आहे की नुसती जुनी आहे, हे विकणाऱ्याला ठरवू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाणी दाखवायला त्याने 'खास मंडळ्यांसाठी बनवलेलं' सॉफ्टवेअर दिलं आणि वार्षिक लायसन्स फी लावली. सुरुवातीच्या चित्रावर त्याच्या दुकानाचं नाव होतं. मेनूतली माहितीची खिडकी उघडली तर ते ओपनएलपी निघालं. ते मुक्त आणि मोफत आहे, कुणीही त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊ शकतं. थेट प्रक्षेपणासाठी घातलेलं ओबीएस स्टुडिओही मोफतच. शिकवण्याचे, बसवून देण्याचे पैसे कुणी घेतले तर त्यात गैर काही नाही, पण जे फुकट आहे त्याचं 'लायसन्स' दरवर्षी विकणं ही उघड लूट आहे. तरुण संघाच्या मुलींनी रात्री जागून टाईप केलेली गाणी मात्र वाचली. ओपनएलपी ती एका फाईलमध्ये साठवतं, तिची प्रत काढून ठेवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर वाईट माल गळ्यात मारला म्हणून गप्प बसलो असतो. खरा घाव पुढे आहे.

पिंपरीला राहणाऱ्या आमच्याच मंडळीच्या एका बाईंनी मुलाचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून आभार अर्पण पाठवलं आणि पावतीसाठी खजिनदार काकांना फोन केला. काकांनी बँकेचं पासबुक पाहिलं. नोंद नाही. बाईंनी पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. घेणाऱ्याचं नाव मंडळीचं नव्हतंच, कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं होतं. मग आम्ही उपासनेचा व्हिडिओ लावला. दानार्पणाच्या वेळी वचनाच्या शेजारी, उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड येतो. वरती आमच्या चर्चचं नाव आणि क्रूस. तो मोबाईलने स्कॅन केला, तर पुन्हा तेच एंटरप्रायझेस. व्हिडिओखालच्या मजकुरातही तोच कोड. आमच्या खात्याचा कोड आम्ही त्याला दिला होता. त्याने चित्र सजवताना तो बदलून टाकला. चर्चमध्ये बसलेले लोक पेटीत टाकतात, कोड वापरणारे सगळे बाहेरगावचे. म्हणून इतके महिने इथे कुणाला पत्ता लागला नाही. लांब राहूनही दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) चुकवत नाहीत अशा माणसांच्या विश्वासावर त्याने हात मारला, हे मला कधीच साधं वाटणार नाही.

जाब विचारला तर म्हणाला, "तो टेस्टिंगचा कोड चुकून राहिला असेल, ब्रदर. भावाभावांत संशय आला की विश्वास कमी पडतो." त्याच संध्याकाळी त्याने आमच्या यूट्यूब चॅनेलचा पासवर्ड बदलला आणि त्याचा फोन बंद झाला. चॅनेल त्याने स्वतःच्या जीमेलवर उघडलं होतं आणि आमच्या मुलांकडे फक्त चालवण्याची परवानगी होती. पुढच्या आठवड्यात चॅनेलचं नाव बदललं. त्यात आमचे नाताळचे कार्यक्रम होते, दोन अंत्यविधी होते आणि आता हयात नसलेल्या एका वडीलधाऱ्यांची शेवटची साक्ष होती. त्यांची मुलगी अजून विचारते, बाबांचा व्हिडिओ परत मिळेल का.

संशय घेणं म्हणजे विश्वासाची कमतरता, हे त्याचं वाक्य तुमच्याही कानावर येईल. तेव्हा करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ८ वा अध्याय उघडा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ धाडला, पैशाबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. प्रेषित जर हिशेबाला साक्षीदार ठेवत होता, तर आपण बिल मागितलं म्हणून कुणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

बिल मागाच, आणि त्यावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो आणि एकूण १५ अक्षर-अंकांचा असतो. आमच्या बिलावरचा नंबर टाकला तेव्हा भलत्याच धंद्याचं नाव आलं. चॅनेल मंडळीच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि त्याचा मोबाईल नंबर मंडळीचा ठेवा. ते ब्रँड अकाउंटवर (एका माणसाऐवजी संस्थेच्या नावाचं गूगल खातं) असेल तर एकापेक्षा जास्त मालक ठेवता येतात. नव्याने जोडलेल्याला मुख्य मालक करण्याआधी सात दिवस थांबावं लागतं, तेव्हा तंत्रज्ञाचा हिशेब चुकता करण्याआधीच हे उरकून घ्या. ओबीएसमध्ये प्रक्षेपण चालू असतानाच लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही होतं, ते बटण दर रविवारी दाबा. आणि क्यूआर कोड दर महिन्याला दोन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या फोनवरून, एक रुपया पाठवून तपासावा. पैसे जाण्याआधी फोनच्या पडद्यावर घेणाऱ्याचं नाव येतं, ते मोठ्याने वाचावं.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिला आहे. ज्यांनी त्या कोडवर पैसे पाठवले, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेनिशी जोडले. काही जणांनी "दान दिलं ते दिलं, आता कशाला" म्हणून स्क्रीनशॉट द्यायला नकार दिला. त्यांना हात जोडून सांगणं आहे की तुम्ही दिलेलं दान मंडळीपर्यंत आलेलंच नाही. तुमच्याकडे तसा व्यवहार असेल तर तो पुसू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक दिसेल असं चित्र खजिनदार काकांकडे पाठवा, अर्जाला ते अजूनही जोडता येतं.