टोरांटो महापालिकेशी बोलायचं कोणी: आपण, सल्लागार की ओळखीचा माणूस?

टोरांटोत उपाहारगृह, दुकान किंवा छोटी आयटी कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो. महापालिकेचा एखादा नियम धंद्याच्या आड येतो, तो बदलून घ्यायचा तर नगरसेवकाला भेटावं लागतं. मग स्वतः जावं, पैसे मोजून सल्लागार नेमावा, की नगरसेवकाच्या चांगल्या ओळखीतल्या मित्राला "जरा शब्द टाक" म्हणावं? आपला पहिला कल तिसऱ्या वाटेकडे असतो. भारतात लॉबिंगची, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने लागावा म्हणून सत्तेतल्या माणसांना गाठण्याची, नोंदणी करायला लावणारा कायदाच नाही, त्यामुळे नुसता शब्द टाकायलाही नोंद लागते हे सहसा मनात येत नाही.

टोरांटोत ती लागते. महापालिका संहितेचं 140वं प्रकरण नेमकं यासाठीच आहे. यात पैशाची किंवा वेळेची किमान मर्यादा नाही, आणि बहुतेकजण चुकतात ते इथेच. "आमचा धंदा लहान, एकदाच फोन केला" हे कारण चालत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायाच्या वतीने नगरसेवकावर किंवा अधिकाऱ्यावर निर्णयासाठी प्रभाव टाकायचा प्रयत्न केला, की ते लॉबिंग. म्हणजे स्वतः गेलात, माणूस नेमलात किंवा मित्राला पाठवलंत, तरी नोंदणी टळत नाही. निवड एवढीच उरते की नोंदीचं काम कोणी सांभाळायचं आणि चूक झाली तर कोणी निस्तरायची.

प्रत्येक बोलणं मात्र लॉबिंग नसतं. परवान्याचा अर्ज संबंधित कर्मचाऱ्याकडे देणं, तो कुठवर आला हे विचारणं, सेवेबद्दल तक्रार करणं, समितीच्या खुल्या बैठकीत उभं राहून बोलणं, हे सगळं नोंदणीशिवाय करता येतं. रस्त्याकडेला टेबलं मांडायला कॅफेटीओ योजनेत अर्ज केलात तर नोंदणीची गरज नाही. त्याच योजनेचे नियम आपल्या सोयीने बदलावेत म्हणून नगरसेवकाला गाठलंत, तर आहे. खुल्या बैठकीत पाच मिनिटं बोलून काम होण्यासारखं असेल, तर मी आधी तेच सुचवेन. ही वाट सगळ्यांत स्वच्छ आहे, आणि लोक तिचा विचारही करत नाहीत.

स्वतः जायचं ठरवलं, तर तुम्ही 'इन-हाऊस' लॉबिस्ट, म्हणजे स्वतःच्याच धंद्यासाठी बोलणारे, ठरता. एकट्या मालकालाही हेच लागू. विषयाची नोंदणी आधी करायची, ती मंजूर झाल्यावरच भेटायचं, आणि प्रत्येक संपर्कानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत त्याची नोंद टाकायची: कोणाशी, कधी, कसं बोललात. नोंदणीला शुल्क नाही. अडचण पैशाची नसते, शिस्तीची असते. वाटेत भेटलेल्या नगरसेवकाशी त्या विषयावर दोन वाक्यं बोललात तरी तीही नोंदवायची, आणि दुकानाच्या धबडग्यात नेमकं तेच राहून जातं. या नोंदी इंटरनेटवर कोणालाही दिसतात, तुमच्या स्पर्धकालासुद्धा. तरीही एकाच, सुटसुटीत मागणीसाठी माझं मत याच बाजूचं आहे. स्वतःच्या धंद्याची अडचण मालकाइतकी नीट दुसरा कोणी सांगू शकत नाही.

सल्लागार नेमला तर नोंदणी आणि नोंदी त्याच्या नावावर चढतात. तुमचं नाव ग्राहक म्हणून दिसतं. जमिनीच्या वापरातला बदल किंवा वर्षभर चालणारं नियोजनाचं प्रकरण असेल तर हा खर्च पटतो. नेमण्याआधी मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचारा. तो बारा महिन्यांच्या आत महापालिकेत वरिष्ठ पदावर होता का? असेल तर त्याला लॉबिंगला बंदी आहे. दुसरं, "काम झालं तर इतके टक्के" असा करार तो मागतोय का? यशावर अवलंबून असलेलं मानधन इथे सरळ बेकायदा आहे, त्यामुळे असा प्रस्ताव ठेवणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

मित्राची वाट दिसायला फुकटची, पण जोखीम तिच्यातच जास्त. व्यवसायाच्या फायद्यासाठी पैसे न घेता बोलणाऱ्यालाही नियमांत वेगळं नाव आहे, 'व्हॉलंटरी' लॉबिस्ट, आणि त्यालाही नोंदणी सक्तीची. न्यायालयात दोष सिद्ध झाला तर पहिल्या गुन्ह्याला 25,000 डॉलरपर्यंत आणि पुढच्यांना 1,00,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याने निव्वळ मैत्रीखातर फोन केला, त्याला आपण या कचाट्यात टाकतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसतं. हे मला पटत नाही.

निविदेचा विषय असेल तर तिन्ही वाटा बाजूला ठेवा. निविदेत ज्या अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असतं, फक्त त्याच्याशीच बोलायचं.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. संगणक भाड्याने घेण्याच्या टोरांटोतल्या घोटाळ्याची न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांनी चौकशी केली. विक्रेत्यांनी दिलेली जेवणं, सहली, पाहुणचार हे सगळं तिथे उघड्यावर आलं. त्यांचा अहवाल 2005 मध्ये आला, त्यात 241 शिफारशी होत्या, आणि 2008 पासून लॉबिस्टांची नोंदवही सुरू झाली.

न्यूयॉर्कमध्येही धंदा असणाऱ्यांनी टोरांटोचा हिशेब तिकडे लावू नये. तिथे मर्यादा आहे: वर्षाला मोबदला आणि खर्च मिळून 5,000 डॉलर ओलांडले की नोंदणी. म्हणून तिथे लहान मालकाने स्वतः बोलणं खरोखर हलकं पडतं. सल्लागार नेमल्यावर मात्र त्याच्या दर दोन महिन्यांच्या अहवालांखेरीज ग्राहकालाही स्वतःचा वार्षिक अहवाल 'सिटी क्लर्क' या शहराच्या अधिकाऱ्याकडे भरावा लागतो. भेटवस्तू देण्याची बंदी लॉबिस्टाच्या नोंदणीपत्रावर नाव असलेल्या त्याच्या पती-पत्नीला किंवा जोडीदारालाही लागू आहे, मोजके अपवाद सोडून.

भेटवस्तूंबाबत टोरांटोतही ढिलाई नाही, आणि आपल्या माणसाला हेच सगळ्यांत जड जातं. दिवाळीत फराळाचा डबा देण्यामागे आपल्या मनात काहीच नसतं. पण ज्याच्याकडे मागणी घेऊन गेलात त्या नगरसेवकाला किंवा अधिकाऱ्याला लॉबिस्टाने भेट, जेवण, सामन्याचं तिकीट यातलं काहीही देऊ नये. शुभेच्छापत्र पाठवा, तेवढं पुरे. कंपनीच्या नावाने निवडणुकीला देणगीही देता येत नाही. ओंटारियोत ती फक्त व्यक्तीला स्वतःच्या पैशातून देता येते, तीही ठरावीक मर्यादेत. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला तुमची कंपनी प्रायोजक असेल आणि नगरसेवक पाहुणा म्हणून येणार असेल, तर निमंत्रण जाण्याआधीच ही नोंदवही सांभाळणाऱ्या लॉबिस्ट रजिस्ट्रारच्या कार्यालयाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.