मेन कून पिल्लासाठी घेतलेला 20 किलोचा काटा : वर्षभराच्या वापरानंतर

कापूस विकून संसार चालवणाऱ्या घराला काट्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. घरी अंदाजलेले वजन आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर उतरलेले वजन यांतला फरक आम्ही कितीतरी हंगाम सोसला आहे, आणि म्हणूनच मांजराच्या पिल्लासाठी काटा घेतला तेव्हाही पहिली गोष्ट केली ती त्याची पारख. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात किराणा दुकानातून वैधमापन विभागाचा शिक्का असलेली 500 ग्रॅम, 1 किलो आणि 2 किलोची लोखंडी मापे तासाभरासाठी मागून आणली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. तिन्ही मापांना आकडा बरोबर आला. सगळी एकत्र ठेवल्यावर 3.500 ऐवजी 3.495 दिसले. एवढ्या फरकाची माझी तक्रार नाही.

हा काटा मुळात तान्ह्या बाळांचे वजन करण्यासाठीचा आहे. क्षमता 20 किलो, आकडा 5 ग्रॅमच्या टप्प्याने पुढे सरकतो, वर खोलगट प्लास्टिकची पाटी, आणि तो तीन सेलवर चालतो. मला तो 1,650 रुपयांना पडला. लाइन गेली तरी वजन अडत नाही, ही आमच्याकडे लहान सोय नव्हे.

इतका मोठा काटा कशासाठी, असे घरातही विचारले गेले. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने गेल्या नोव्हेंबरात भीमाला घरी आणले, तेव्हा तो 12 आठवड्यांचा आणि 1.560 किलोचा होता. मेन कून ही मूळची अमेरिकेच्या मेन राज्यातली जात. आपली गावठी मांजर साधारण वर्षभरात पूर्ण वाढते आणि बहुधा 3 ते 5 किलोंवर थांबते; या जातीचा नर मात्र सहसा 6 ते 8 किलोंपर्यंत जातो आणि त्याची वाढ तीन, कधी चार-पाच वर्षेही चालू राहते. स्वयंपाकघरातल्या काट्याची मर्यादा बहुधा 5 किलो असते, ती भीमाने दहाव्या महिन्यातच ओलांडली. दुसरा उपाय म्हणजे मांजराला कडेवर घेऊन माणसांच्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि नंतर आपले वजन वजा करायचे. पण तो काटा 100 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि पिल्लू आठवड्याला वाढते तेच मुळी 100 ते 130 ग्रॅम. वाढ आणि काट्याची चूक जिथे एकाच मापाची होते, तिथे आकड्याला काही अर्थ उरत नाही.

वजन करण्याची पद्धत पहिल्या महिन्यातच ठरून गेली. रविवारी सकाळी, खाणे देण्याआधी, पंखा बंद करून. सारवलेल्या जमिनीवर काटा डगमगतो, म्हणून तो शहाबादी फरशीवरच ठेवायचा. पाटी गुळगुळीत असल्यामुळे पिल्लाचे पाय घसरत आणि ते घाबरून उडी मारी. हा या काट्याचा पहिला दोष. त्यावर आम्ही बांबूची उथळ टोपली ठेवली, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी घातली आणि टोपलीसकट आकडा शून्य करून घेतला. आता टोपली बाहेर निघाली की भीमा स्वतःहून तीत जाऊन बसतो, पुढचे पंजे कडेवर ठेवतो आणि कानांची टोके थरथरवत शेपटीने लुगडे झोडपतो. ती शेपटी टोपलीबाहेर लोंबून फरशीला टेकली की आकडा 15-20 ग्रॅमने खाली येतो. हे लक्षात यायला मला दोन रविवार लागले.

काट्याची खरी किंमत जानेवारीत कळली. वहीत लागोपाठ तीन रविवारी 2.640, 2.650 आणि 2.590 असे आकडे आले. पिल्लू खेळत होते, जेवत होते, आणि या जातीची लव इतकी दाट की अंग उतरले आहे हे डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. वाढत्या वयात एक आठवडा वजन न वाढणे ही सूचना आणि कमी होणे ही धोक्याची खूण, एवढे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. आम्ही वही घेऊनच दवाखान्यात गेलो. विष्ठेच्या तपासणीत जंत निघाले. जंताच्या औषधाची एक मात्रा आमच्याकडूनच राहून गेली होती. औषधानंतरच्या दोन आठवड्यांत आकडा 2.860 वर गेला.

दुसरा प्रसंग उलट्या बाजूचा. फेब्रुवारीच्या शेवटी नसबंदी झाली, आणि मार्चमध्ये आठवड्याची वाढ 120 ग्रॅमवरून 190 वर गेली. शेजारीपाजारी कौतुक करू लागले, कारण ज्याच्याकडून पिल्लू घेतले त्याने हा बोका 12 किलोचा होईल असे सांगून ठेवले होते आणि तो त्याच वाटेने निघालेला दिसत होता. पण नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराला लागणारी ऊर्जा कमी होते. म्हणजे वाढलेला आकडा हाडांचा आणि स्नायूंचा नसून चरबीचा असू शकतो. मेन कूनमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष इतर मांजरांपेक्षा जास्त आढळतो. सांधे घडत असतानाच त्यांच्यावर चरबीचे ओझे टाकणे म्हणजे त्या जिवावर अन्यायच आहे.

हा भेद काटा करू शकत नाही, तो हातानेच करावा लागतो. आपला हात पालथा ठेवून त्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटे फिरवली की हाडे जशी पातळ कातडीखाली लागतात, तशा मांजराच्या फासळ्या लागल्या पाहिजेत. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर मांजर कृश, आणि तळहातासारख्या मऊ थराखाली दडल्या तर स्थूल. भीमाच्या फासळ्या मार्चअखेर दडू लागल्या होत्या. तेव्हा त्याचे कोरडे खाद्य मी वाटीने देत असे. एकाच वाटीत माझ्या हातून 70 ग्रॅम खाद्य येई आणि सासूबाईंच्या मायेच्या हातून 95, हे मोजून पाहिल्यावर कळले. त्या दिवसापासून दिवसाचे खाद्य सकाळीच मोजून डब्यात ठेवतो आणि दोघीही त्यातूनच देतो. मात्र खाद्य मोजायला 5 ग्रॅमचा टप्पा जाडाभरडा पडतो. त्यासाठी 1 ग्रॅमचा छोटा काटा वेगळा लागतोच.

सासूबाईंचा आग्रह आणखी एका गोष्टीचा होता. पिल्लू मोठ्या जातीचे, तेव्हा त्याला बाजारच्या दिवशी आणलेली कोंबडीची कलेजी आणि उकडलेले मांसच द्यावे, म्हणजे अंग धरेल. नुसत्या मांसाने वजन वाढतेही, आणि म्हणूनच काटा इथे फसवा ठरतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. केवळ तेवढ्यावर वाढवलेले पिल्लू दिसायला गुबगुबीत होते, पण त्याची हाडे आतून विरळ होत जातात आणि साध्या उडीतही मोडू शकतात. रोज कलेजी दिली तर जीवनसत्त्व अ शरीरात साठून मणक्यांना अपाय होतो. दूध-पोळीवर तर मांजराचे भागतच नाही, कारण टॉरिन हा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि तो कमी पडला तर डोळे व हृदय दोन्ही बिघडतात. म्हणून मुख्य आहार वाढत्या पिल्लांसाठीच्या संपूर्ण खाद्याचा ठेवला, आणि बाजारच्या दिवशी चमचाभर उकडलेले मांस सासूबाईंच्या हातून.

या जातीत हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आनुवंशिक आजारही असतो. त्याच्याशी निगडित जनुकातला एक दोष 2005 साली शोधला गेला. तो आजार कोणत्याही वजनाच्या आकड्यात दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफीच लागते.

काट्याचे उरलेले दोष थोडक्यात सांगते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना टिनाच्या खोलीत ठेवलेल्या काट्याचा शून्य स्थिर राहीना. आतल्या कवेलूच्या खोलीत आणल्यावर तो सुधारला. सेल उतरू लागले की इशारा न देता आकडे चुकतात, म्हणून 1 किलोचे एक माप आम्ही विकतच घेऊन ठेवले आहे. हलत्या जनावराचा आकडा धरून ठेवण्याचे बटण कागदावर आहे, प्रत्यक्षात ते दहापैकी सहा वेळाच चालते. या कारणांनी पाचपैकी चार गुण.

भीमा आता 14 महिन्यांचा आणि 6.110 किलोचा आहे. आठवड्याची वाढ 30 ग्रॅमवर आली आहे, फासळ्या हाताला लागतात, आणि वजन महिन्यातून दोनदाच करतो. मधल्या दिवसांत काटा शेजारच्या वहिनी शेळीच्या करडांसाठी घेऊन जातात.