पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन: आवृत्ती नावातच ठेवणारं पॅकेज

पोस्टग्रेस (पूर्ण नाव पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसच्या आवृत्ती १५ ने लिहिलेली डेटा डिरेक्टरी १७ चा सर्व्हर उघडत नाही. सुरू होतानाच नकार देतो. डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीची सवय मात्र उलटी, नवी आवृत्ती आली की जुनीच्या जागी ती बसवायची. डेबियन-उबुंटूमधलं पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन हे भांडण सोडवतं ते आवृत्ती पॅकेजच्या नावात आणि पाथमध्ये घालून. पोस्टग्रेसक्यूएल-१५ आणि पोस्टग्रेसक्यूएल-१७ ही दोन वेगळी पॅकेजेस. बायनरी, कॉन्फिग आणि डेटा, तिन्हींच्या डिरेक्टरीत आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे दोन्ही सर्व्हर एका मशीनवर सुखाने नांदतात. नुसतं 'पोस्टग्रेसक्यूएल' हे मेटापॅकेज, म्हणजे स्वतः रिकामं, फक्त दुसरं पॅकेज ओढून आणणारं: डेबियन १२ वर ते १५ मागतं, १३ वर १७.

डेबियन १२ वरून १३ वर गेल्यावर १७ येतं आणि न विचारता रिकामा 'मेन' क्लस्टर (एका सर्व्हरने सांभाळलेला डेटाबेसांचा संच) बनवतं. ५४३२ पोर्ट जुन्याकडे, म्हणून हा ५४३३ वर बसतो. मग जुना क्लस्टर नव्या आवृत्तीत नेणारं पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवलं की 'टार्गेट क्लस्टर १७/मेन आधीच आहे' म्हणून अडतं. आधी क्लस्टरांची यादी देणारी पीजी_एलएसक्लस्टर्स चालवून नवा कुठला ते बघा, त्यात शिरून तो खरंच रिकामा आहे ना याची खात्री करा, मग पीजी_ड्रॉपक्लस्टरला १७, मेन आणि --स्टॉप देऊन तो उडवा, त्यानंतर अपग्रेड. आकडा चुकून १५ टाइप झाला तर खरा डेटा गेला, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. इमेज बनवणाऱ्यांनी क्रिएटक्लस्टर.कॉन्फमध्ये क्रिएट_मेन_क्लस्टर आधीच फॉल्स करून ठेवावं, हा सोपस्कारच उरत नाही.

अपग्रेडची डीफॉल्ट पद्धत डंप, म्हणजे जुन्यातला डेटा बाहेर काढून नव्यात पुन्हा भरणं. ती सावकाश चालते आणि दुसऱ्या प्रतीइतकी डिस्क खाते, तरी ओएस बदलताना आमची पसंती तिलाच. लिनक्सची मूळ सी लायब्ररी जीलिबसी हिच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलला तेव्हा मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या क्रमवार याद्या) चुकीचे ठरले होते. डंपमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात. '-एम अपग्रेड' पीजी_अपग्रेड वापरतं आणि इंडेक्स जसेच्या तसे पुढे नेतं. तिथे रीइंडेक्स तुम्हालाच करावं लागतं. वर --लिंक दिलं तर काम झटपट होतं, पण नवा क्लस्टर एकदा सुरू झाला की जुन्याकडे परतायची वाट बंद.

पोस्टग्रेसची एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) पॅकेज करणाऱ्यांसाठी हे साधन सर्वांत कामाचं. सर्व्हर एक्स्टेन्शनच्या प्रत्येक .एसओ फाइलची (कंपाइल केलेल्या कोडची) मेजर आवृत्ती, म्हणजे १५, १७ हा मुख्य आकडा, तपासतो, म्हणून दर आवृत्तीला वेगळी बिल्ड लागते. डेबियन/पीजीव्हर्जन्स फाइलमध्ये 'ऑल' किंवा '१४+' लिहायचं, कंट्रोल.इनमध्ये पॅकेजच्या नावात पीजीव्हर्जन हा शब्द ठेवायचा, आणि पीजी_बिल्डएक्स्ट अपडेटकंट्रोल खरी कंट्रोल फाइल बनवून देतं. नवी आवृत्ती आली आणि ही पायरी राहिली, तर बिल्ड 'कंट्रोल फाइल अपडेट करा' म्हणून पडते. वैताग येतो, पण जुन्या सर्व्हरसाठीचं पॅकेज गुपचूप बाहेर जाण्यापेक्षा हे बरं. चाचणीला पीजी_व्हर्च्युअलएन्व्ह तात्पुरता क्लस्टर उभा करतं आणि काम झालं की मोडून टाकतं.

ॲप्लिकेशनच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसक्यूएल-१५ वर डिपेंड्स (हे हवंच) लिहू नका. पुढच्या रिलीजमध्ये ते नाव रिपॉझिटरीत नसेल. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असू शकतो, म्हणून सर्व्हर रेकमेंड्समध्ये (असलं तर बरं) आणि क्लायंट डिपेंड्समध्ये, दोन्ही आकड्याविना. स्क्रिप्टमध्ये आवृत्ती कापतानाही सांभाळा: ९.६ पर्यंत मेजर म्हणजे दोन आकडे, २०१७ च्या १० पासून एकच. १५.४ मधून '१५.४' हीच मेजर धरणाऱ्या स्क्रिप्टला तसा पाथ कुठेच सापडत नाही.

ऑटोरिमूव्हची, म्हणजे गरज नसलेली पॅकेजेस एपीटीने आपोआप काढण्याची, काळजी पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन स्वतः घेतं. क्लस्टर शिल्लक असलेली जुनी आवृत्ती एपीटीने उडवू नये म्हणून ते कॉन्फिग फाइल टाकतं, कारण अपग्रेडला जुन्या बायनरी लागतातच. पर्जच्या, म्हणजे पॅकेज कॉन्फिगसकट मुळापासून काढण्याच्या, बाबतीत मात्र गुण कापावे लागतात. डेटा काढू का, या डेबकॉन्फच्या (पॅकेजांचे प्रश्न विचारणाऱ्या साधनाच्या) प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'हो' आहे, आणि नॉनइंटरॅक्टिव्ह मोडमध्ये तो प्रश्न दिसतही नाही. ऑटोमेशनमध्ये रिमूव्ह लिहा, पर्ज हाताने करा.