मुंबईत फ्लॅट बुक करू की गावचं घर बांधू? कोरोनाच्या निर्बंधांच्या काळातला हिशेब

गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. भांडुपला भाड्याच्या खोलीत राहतो, लग्नाला चार वर्षं झाली, घरून काम सुरू झाल्यापासून त्याचा लॅपटॉप गॅसच्या ओट्यावर असतो. म्हणाला, "दादा, मुलुंडला वन बीएचके बघून ठेवलाय. ऐंशी लाख सांगतोय, इमारत अजून उभी राहतेय. आणि आई म्हणते, गावचं घर आता फार दिवस काढायचं नाही, आधी ते बांध. तूच सांग."

फोनवर मी "बघू" एवढंच म्हटलं. कारण मी स्वतः दिवाळीपासून संगमेश्वर तालुक्यात घर बांधतोय, आणि धाकट्या भावाने त्याच सुमारास कांदिवलीला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. दोन्हीकडचे चटके आमच्याच घरात बसलेत. या जुलैत, म्हणजे 2021 च्या पावसाळ्यात, असा विचार करणारे त्याच्यासारखे पुष्कळ असणार, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

एरवी घर घेताना आपण भाव, स्टेशनपासूनचं अंतर, पाण्याची वेळ हे बघतो. आत्ता त्याच्याही आधी एक गोष्ट विचारायची: काम बंद पडलं, तर ते दिवस कोणाच्या खिशातून जाणार?

सरकारचं देणं

हा भाग सोपा आहे. ऐंशी लाखांचा फ्लॅट मुंबईत घेतला तर 2021 च्या जुलैत पाच टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 4 लाख. नोंदणी फी 30,000. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेलं नसेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4 लाख. एक टक्क्याचा जीएसटी 45 लाखांपर्यंतच्या घरांना, आणि त्या भावात मुलुंडला काय मिळणार ते आपल्याला माहीत आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आलं होतं, जानेवारी ते मार्च तीन टक्क्यांवर. भावाने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शुल्क भरून करारावर सही केली आणि दस्त जानेवारीत नोंदवला. सही झाल्यावर नोंदणीला चार महिने मिळतात. ती सवलत आता गेली. पण 2021 मध्ये दोन गोष्टी अजून हातात आहेत. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एप्रिल 2021 पासून एक टक्का कमी, मात्र 2021 च्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षं ते पुरुषाला विकता येत नाही; विकलंच तर वाचलेलं शुल्क भरावं लागतं. दुसरी जास्त कामाची. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), जिना, लॉबी वगैरेंसाठी बिल्डर जे जादा शुल्क, म्हणजे प्रीमियम, भरतो त्यात सरकारने 31 डिसेंबर 2021 पर्यंत निम्मी सूट दिलीय. ज्या प्रकल्पाने ती घेतली, त्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं, अशी अट आहे. विक्रीच्या टेबलावर हे आपणहून कोणी सांगत नाही. "प्रीमियमची सवलत घेतलीय का?" असं थेट विचारा, आणि उत्तर करारात लिहून घ्या.

गावच्या घराला यातलं काही नाही. फक्त 2021 मध्ये सिमेंटवर 28 टक्के आणि सळईवर 18 टक्के जीएसटी बिलातच दडलेला होता. गेल्या वर्षभरात सळईचा भाव दर फेरीला वेगळा ऐकू आला. दुकानदार सकाळी एक सांगायचा आणि गाडी भरेपर्यंत दुसरा.

काम बंद पडतं तेव्हा

खरी तुलना इथे आहे.

2020 च्या मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या. त्याच्या आधीपासून कसाऱ्याच्या दिशेने चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली. त्यांच्यात मुंबईच्या इमारतींचे सेंट्रिंगवाले होते, टाइलवाले होते, पीओपीवाले होते. परत आले ते थोडे थोडे करून. यंदा एप्रिलमध्ये नियम वेगळा निघाला: मजूर साइटवरच राहत असतील तर काम चालू, बाहेरून येत असतील तर बंद. जून 2021 पासून मुंबई निर्बंधांच्या पाच स्तरांपैकी तिसऱ्या स्तरात आहे, म्हणजे साइटवर राहणारे मजूर हवेत, नाहीतर बाहेरच्यांनी चारला साइट सोडायची. नाक्यावरून माणसं उचलून काम करणारा छोटा बिल्डर यात मेला, आणि आत पत्र्याच्या खोल्या असलेला तरला.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये सरबत पिऊन परत येऊ नका. संध्याकाळी साडेसहाला त्याच साइटच्या मागच्या बाजूला जा. पत्र्याच्या खोल्यांत दिवे लागलेत का? दोरीवर कपडे वाळताहेत का, पाण्याचा टँकर येतो का, चुलीचा धूर दिसतो का? भावाने हे बघितलं नव्हतं. त्याची इमारत एप्रिल-मे दोन्ही महिने बाराव्या मजल्यावर अडकली, आणि शेजारच्या प्लॉटवर रात्री नऊलाही मिक्सर फिरत होता.

आता पैसे बघा. महाराष्ट्राच्या नमुना करारात हप्त्यांच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत: करारापूर्वी दहा टक्के, करारानंतर तीस, जोत्यापर्यंत पंचेचाळीस, स्लॅब पुरे झाले की सत्तर. म्हणजे इमारत उघडी, भिंती नाहीत, लिफ्टच्या जागी खड्डा, आणि शंभरातले सत्तर रुपये गेलेले. उरलेल्या तीस रुपयांत गिलावा, प्लंबिंग, टाइल्स, लिफ्ट. नेमकी ती कसबी कामं, ज्यांची माणसं गावाला जाऊन बसतात. बँकेने समजा तीस लाख सोडलेत आणि व्याज सात टक्के आहे, तर महिन्याला साडेसतरा हजार नुसतं व्याज. त्यात भांडुपच्या खोलीचं भाडं वेगळं.

उशीर झाला तर घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा आहे ना, असं कोणीही म्हणेल. आहे. कायद्याच्या कलम 18 प्रमाणे तारीख चुकली तर व्याजासकट पैसे परत मागता येतात, किंवा थांबून दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण ती तारीखच सरकते. 15 मार्च 2020 किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) मे 2020 मध्ये सहा महिने वाढवून दिले, आणि करारातली ताब्याची तारीखही त्याबरोबर पुढे गेली. बिल्डरला साथीची सूट मिळाली. भावाच्या बँकेने ऑगस्ट 2020 पर्यंतच्या हप्तेस्थगितीबद्दल सांगितलं, पण त्याचं कर्जच डिसेंबरचं. वरच्या हिशेबाने सहा महिन्यांचं व्याज होतं 1 लाख 5 हजार, आणि ते तुमचं.

गावाला काय होतं ते ऐका. कोकणात बांधकामाला वर्षातले सातच महिने. दिवाळी झाली की पाया खणायचा, शिमग्यापर्यंत भिंती, मृगाच्या आत छप्पर. 2020 ला काय किंवा 2021 ला काय, निर्बंध आले ते बरोबर शेवटच्या टप्प्यावर. मुंबईत स्लॅब जुलैतही टाकतात. गावात जूनचा पहिला आठवडा हुकला की थेट ऑक्टोबर.

माझ्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, आल्या आणि एप्रिल उजाडला. वाडीतल्या दोन घरांत ताप निघाला आणि वाडीच बंद झाली. चिरेखाणीवर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, पैसे भरलेले, गाडी आली, गवंड्याचा फोन: "भाऊ, चिरा आला, पण उतरवायला माणूस नाय." ड्रायव्हरने शेवटी सगळा चिरा रस्त्याच्या कडेला ओतला, त्यातला कितीतरी कोपरे तुटून वाया गेला. मी पडवीत बावीस पोती सिमेंट आणून ठेवलं होतं, पुढे भाव वाढतील म्हणून. मेच्या मध्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, वरचा निळा कागद आंब्याच्या झाडावर जाऊन बसला. जूनमध्ये पोती उघडली तर चौदा पोती दगड झालेली. एक गोणी फाडली तेव्हा शिवणीचे ठसेसुद्धा सिमेंटवर उमटलेले होते.

एवढं होऊनही हिशेब केला तर चौदा पोती, काही चिरा, आणि ताडपत्री गेली. व्याज शून्य. काम बंद होतं तेव्हा माझे उरलेले पैसे माझ्याच खात्यात होते, आणि गवंड्याला मी झालेल्या कामापुरतेच दिले होते. भावाचं तसं नाही.

मधेच काम सोडावं लागलं तर तीन गोष्टी सांगून ठेवतो, कारण मला कोणी सांगितल्या नाहीत. सिमेंट आठ दिवसांचं लागेल तेवढंच आणायचं, आणि जमिनीला व भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचायचं. खांबाच्या वर निघालेल्या सळ्यांना सिमेंटचं पातळ पाणी फासून ठेवायचं. कोकणच्या हवेत त्या एका पावसात लाल होतात. चिरा उतरवायची मजुरी आधीच ठरवून द्यायची.

लक्ष कोण ठेवणार

इथे फ्लॅट सरळ जिंकतो, निदान वरवर. तुम्ही गेलात नाही गेलात, इमारतीला इंजिनिअर असतो. लोकल आपल्यासाठी या जुलैत, 2021 मध्ये, अजून बंदच आहे, तेव्हा भांडुपहून मुलुंडला बेस्टने जावं लागेल, पण जाता तरी येतं.

गावाला एप्रिलच्या शेवटी जिल्हा ओलांडायला पुन्हा ई-पास लागू झाला, आणि मला सात आठवडे पाऊल टाकता आलं नाही. व्हिडिओ कॉलवर घर बांधणं म्हणजे काय ते त्या आठवड्यांत कळलं. आमच्या अंगणात रेंज नाही. शेजारच्या काकू चढण चढून विहिरीपाशी यायच्या आणि तिथून दाखवायच्या; घर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसायचं. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारायचं असतं, सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर दहा. रोज "पाणी मारलं का?" विचारलं की रोज "मारलं" येतं. शेवटी काकूंना सांगितलं, लिंटलवर हात ठेवा आणि तळवा कॅमेऱ्याला दाखवा. पहिल्या दिवशी तळव्याला कोरडी धूळ होती. दुसऱ्या दिवसापासून पाणी पडायला लागलं.

गावात स्वतःचं, खरोखर स्वतःचं माणूस नसेल, तर आत्ता बांधकाम काढू नका. यावर माझं दुमत नाही.

कर्ज आणि कागद

फ्लॅटला कर्ज मिळतं, आणि 2021 मध्ये सात टक्क्यांच्या आतही मिळतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही बघा. साथीच्या आधीपासूनच तारीख सरकत आली असेल तर दोष कोरोनाचा नाही. दहा टक्क्यांच्या वर पैसे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय द्यायचे नाहीत.

गावच्या घराला बँका नाक मुरडतात. सातबारावर आजोबांची, चुलत्यांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं. मामेभावाचंही तेच असणार. जागा गावठाणात आहे की बाहेर, हे आधी बघायचं. बाहेर असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. सहहिस्सेदारांची संमती तोंडी घेऊ नका. जुनं घर असेपर्यंत कोणी काही बोलत नाही, नवा चिरा दिसला की सगळ्यांना हिस्सा आठवतो. थोडक्यात, गावचं घर पीएफ, सोनं आणि शिल्लक यांवरच उभं राहतं.

आणि तिसरा रस्ता

ओसी मिळालेला तयार फ्लॅट. भाव जास्त सांगतात, पण जीएसटी नाही, म्हणजे ऐंशी लाखांवर चार लाख तिथेच वाचले, आणि हप्ता सुरू झाला की भाडं बंद. नळ उघडून बघता येतो. या काळात बांधकाम चालू असलेल्या घरापेक्षा तयार घर पाच-सहा टक्क्यांनी महाग असेल तर मी डोळे मिटून तयार घर घेईन. पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर थांबेन.

मामेभावाला काय सांगितलं

तू भाड्याने राहतोस, म्हणून गावचं घर आधी नाही. मुंबईत स्वतःचं छप्पर असेल त्याने गावचं काढावं. त्याला थांबणं परवडतं. मुलुंडचा फ्लॅट घ्यायचा तर स्लॅब संपत आलेला, मजूर आत राहणारा, आणि पाच जणांकडे चौकशी केलेला घे. जमलं तर तयार घर बघ, वहिनीच्या नावावर. आणि मामीच्या घराचं या पावसापुरतं असं कर: खचलेल्या भिंतीला टेकू, फुटलेली कौलं बदल, आणि दिवाळीला जाऊन सातबारा काढ. त्यावरची नावं मोज, मग बोलू.

तो म्हणाला, "आणि तुझं घर कधी होणार?"

यंदा चौथ 10 सप्टेंबरला आहे. छप्पर काही तोवर होत नाही. आई म्हणते, माजघराच्या एका भिंतीवर पत्रा टाका, गणपती तिथे बसेल. कालच पत्र्याचं माप फोनवर दिलं. काकूंनी ते विहिरीपाशी उभं राहून कोळशाने कठड्यावर लिहून घेतलं.