‘पूर्ण सेट मॅचिंग आहे’ म्हणून गळ्यात मारलेली आउटबोर्ड मशीन

मढच्या आमच्या फायबर होडीसाठी मामांनी ४० हॉर्सपॉवरची जुनी आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतली आणि विक्रेत्याने आम्हाला सव्वा लाखाला फसवलं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत सगळेच होडीची कामं काढतात आणि असला माल नेमका तेव्हाच खपवला जातो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या होडीला स्टिअरिंग व्हील आणि कंट्रोल बॉक्स आहे, म्हणजे रिमोटवाली, लांबून केबलने चालवायची मशीन लागते. हातदांड्याच्या मशीनला गिअर-थ्रॉटल मशीनवरच असतात आणि वळवायचंही दांड्यानेच. ती रिमोटवर नेता येते, पण त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं किट लागतं. मॉडेलच्या अक्षरांवरून हे कळतं. यामाहाच्या नावात शेवटी एमएचएल असेल, तर एम म्हणजे दोरीने स्टार्ट, एच म्हणजे हातदांडा आणि एल म्हणजे २० इंची लांब शाफ्ट. आमच्या मशीनवरचा स्टिकर सोललेला होता, ब्रॅकेटवरची नंबरप्लेट रंगाखाली गेली होती. “खाऱ्या पाण्याने जातं हो नाखवा,” असं सांगून त्याने विषय बदलला.

मुंबईत रे रोडजवळच्या दारूखाना भागात वर्षानुवर्षं जुना मरीन माल विकणारे प्रामाणिक व्यापारी आहेत. हा त्यातला नव्हता, फोनवरून गोदामात बोलावणारा होता. तिथे त्याने मशीन पाण्याच्या पिंपात सोडून दोरीने चालू केली. आवाज एकदम स्वच्छ. कंट्रोल बॉक्स मात्र शेजारच्या टेबलावर सुटा पडलेला. त्याचा लिव्हर त्याने मागेपुढे केला, टकटक वाजला, “बघा, किती मऊ चालतो!” लिव्हर आणि मशीन एकमेकांना जोडलेले असे आम्हाला दिसलेच नाहीत. खरी लबाडी इथेच होती.

मशीन त्याच्याच फिटरने होडीवर बसवली. धक्क्याला बांधलेल्या होडीत मामांनी चावी फिरवली तेव्हा लिव्हर थोडा पुढे सरकलेला होता. अशा वेळी स्टार्टर फिरताच कामा नये, न्यूट्रल स्विच असतो तो त्यासाठीच. पण मशीन गिअरमध्येच सुरू झाली, होडीला हिसका बसला आणि चुलतभाऊ कोपरावर आपटला. त्या वेळी पंख्याजवळ कोणी पाण्यात उतरलेलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो. बॉक्स उघडला तर न्यूट्रल स्विचच्या दोन वायरी कापून, एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. किल स्विचची, म्हणजे मशीन तातडीने बंद करायच्या स्विचची, लाल दोरी लावलेली होती, पण ती ओढून मशीन बंद होत नव्हती.

मग ओळखीच्या मेकॅनिकने एकेक भाग सोडवला. बॉक्स दुसऱ्याच कंपनीचा होता. लिव्हर केबलला जेवढं ढकलायचा तेवढ्याने गिअर पूर्ण लागतच नव्हता, त्यामुळे रिव्हर्समध्ये खडखड व्हायची आणि क्लचचे दात झिजून गोल झाले होते. हातदांड्याची जागा पुट्टी भरून रंगवलेली. स्टिअरिंगचा लिंक रॉड स्टेनलेसचा असायला हवा, इथे साधी लोखंडी सळई वाकवून लावली होती आणि तिला लॉकनटही नव्हता. भर समुद्रात ती सुटली असती तर होडी वळवता आली नसती.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. हातात ‘जुनी मशीन १ नग’ एवढंच लिहिलेला कच्चा कागद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे, पण बिलावर सिरियल नंबर नसल्याने आमची बाजू लंगडी पडते.

तुम्ही घेणार असाल तर केबल जोडून, तुमच्या होडीवरच चाचणी मागा. आधी मशीन बंद ठेवा, चावी आणि किल स्विचची क्लिप काढा आणि पंखा हाताने हळूहळू फिरवत दुसऱ्याला लिव्हर हलवायला सांगा. न्यूट्रलला पंखा मोकळा फिरला पाहिजे, पुढच्या आणि मागच्या गिअरला अडकला पाहिजे. व्हील दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, मशीन वर उचलूनही वळवा, रॉड कुठे घासतो का ते बघा. केबलला ८ इंच त्रिज्येपेक्षा आवळ वळण नको. मग लिव्हर गिअरमध्ये ठेवून, होडी घट्ट बांधून आणि पंख्याजवळ कोणी नाही हे बघून चावी फिरवा. स्टार्टर हलला तर व्यवहार तिथेच थांबवा. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि कंट्रोल बॉक्सची कंपनी लिहून द्यायला तो तयार नसेल, तर बयाणासुद्धा देऊ नका.