जुना ट्यूब अ‍ॅम्प, आठ-नऊ महिन्यांनंतर: ट्यूबा बदलण्याआधी हे तपासा

गिटारचा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा अॅम्प: 1960च्या दशकातलं सर्किट, दोन 6व्ही6 पॉवर ट्यूबा (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या, मोठ्या ट्यूबा), 22 वॉट, 12 इंची स्पीकर, घुमारा देणारा स्प्रिंग रिव्हर्ब. ही जातकुळी वाचणाऱ्यांना माहीत आहे, म्हणून आवाजाचं कौतुक थोडक्यात: गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की स्वच्छ, चढवला की फाटायला लागतो, आणि मधलं सगळं बोटांवर सोडतो. मला लिहायचंय ते त्याच्या चरचरीबद्दल.

अ‍ॅम्प तापला की वाळक्या पानांवर पाय पडावा तशी चरचर सुरू व्हायची. गिटार लावलेली नसली तरी, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी, तेवढीच. दुरुस्तीला दिला, तर सगळ्या ट्यूबा बदलून आल्या आणि बिलही पूर्ण सेटचं. घरी आणला त्याच संध्याकाळी चरचर परत. विचारल्यावर उत्तर मिळालं, "जुना अ‍ॅम्प आहे, एवढं चालायचंच." या उत्तराचा मला बिलापेक्षा जास्त राग आला. आवाज कुठून येतोय हे शोधायचे कष्टच कुणी घेतले नव्हते.

व्हॉल्यूम शून्यावर असताना आवाज कमी होत नाही, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरच्या) पुढे, सिग्नल त्यातून गेल्यानंतरच्या भागात आहे. मग प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबा (सुरुवातीला सिग्नल मोठा करणाऱ्या, लहान) एकेक करून काढून पाहायच्या. माझ्या अ‍ॅम्पमध्ये चरचरणाऱ्या चॅनलची 12एएक्स7 ट्यूब काढली की शांतता. इथेच बहुतेक जण ट्यूबला दोषी ठरवून मोकळे होतात. पण ट्यूब काढली की तिच्या प्लेट रेझिस्टरमधून (ट्यूबच्या प्लेट या भागाला वीज पोचवणाऱ्या रेझिस्टरमधून) जाणारा करंटही थांबतो, त्यामुळे रेझिस्टर खराब असला तरी तोही गप्प बसतो. त्याच सॉकेटमध्ये खात्रीची दुसरी ट्यूब लावून पाहिली तरच दोघांतला गुन्हेगार कळतो. माझ्याकडे दुसरी ट्यूब लावूनही चरचर कायम होती.

झाकण उघडलं. त्या ट्यूबच्या 6 नंबरच्या पिनकडे (तीच प्लेटची पिन) जाणारा 100 किलोओहमचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर, अंगावर तपकिरी, काळा, पिवळा पट्टा, दिसायला ठणठणीत. एक टोक सोडवून मोजला तर 128 किलोओहम. हे जुने कार्बन रेझिस्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने मूळ ओहमपेक्षा वर सरकतात, आणि त्यांच्यावर जितके जास्त व्होल्ट पडतात तितके ते जास्त खरखरतात. प्लेट रेझिस्टरवर सहज शंभरेक व्होल्ट पडतात. त्या जागी 1 वॉटचा मेटल फिल्म लावला आणि चरचर गेली, ती आजतागायत. हा रेझिस्टर चिल्लरमध्ये मिळतो. मी पैसे भरले होते अख्ख्या सेटचे.

त्याच निमित्ताने आणखी एक कळलं. पॉवर ट्यूबा बदलून बायस, म्हणजे काही वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा याची सेटिंग, तपासलाच नव्हता! प्लेटवर 415 व्होल्ट आणि एकेका ट्यूबमधून 32 मिलिअँपिअर, म्हणजे 13 वॉटच्या वर, या ट्यूबांसाठी जास्तच, तेही अ‍ॅम्प नुसता चालू असताना. मी आतल्या छोट्या पॉटने 20 मिलिअँपिअरवर आणला. फिक्स्ड बायसच्या (जिथे बायस बाहेरून लावून द्यावा लागतो अशा) अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूबा बदलून मीटर न लावता झाकण बंद करणं मला बेजबाबदार वाटतं.

सुरुवातीला माझं मत होतं की आतला एकही मूळ पार्ट हलवू नये. आता ते मत बदललंय. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळतात, हम (सततची घुंघुं) वाढतो, ते बदललेच पाहिजेत. कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल जाऊ देणारे, पण डीसी अडवणारे) मात्र डीसी गळत नसतील तर तसेच ठेवा. मी सगळे तपासले, एकही काढला नाही.

वायर भिंतीतून काढली तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये (पॉवर सप्लायच्या त्याच इलेक्ट्रोलायटिकमध्ये) 400च्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका. ज्याला मीटर वापरायची सवय नाही त्याने झाकण उघडू नये. स्पीकर काढून अ‍ॅम्प चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल, आणि तो रेझिस्टरच्या भावात मिळत नाही.

आवाजाला माझे पूर्ण गुण. असा जुना अ‍ॅम्प घ्यायला गेलात तर आधी वाजवू नका. सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अर्धा तास नुसता चालू ठेवायला सांगा आणि स्पीकरजवळ कान लावून बसा. चरचर आली तर ट्यूबचं कारण ऐकून घेऊ नका, प्लेट रेझिस्टर मोजायला सांगा.