एअर ब्रिकभोवतीची जमीन खाली घेतल्यावर: दहा महिन्यांचा अनुभव

घर इंग्लंडमधलं, 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक), खाली चिकणमाती. समोरच्या दोन्ही खोल्यांना लाकडी फळ्यांची जमीन. आपल्याकडे जोत्यात मुरूम भरून वर फरशी बसते, त्यामुळे खाली हवा खेळण्याचा प्रश्नच येत नाही. इथे फळ्यांखाली पोकळी असते आणि ती कोरडी राहते ती फक्त भिंतीतल्या भोकांच्या विटांमुळे, म्हणजे एअर ब्रिकमुळे. एअर ब्रिक बुजली की जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालचे आडवे वासे, ओलावतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कूज धरायला लागते.

बहुतेक घरांत मूळ दुखणं विटेत नसतं, बाहेरच्या लेव्हलमध्ये असतं. जुना कोबा न फोडता त्यावर फरशी, काही वर्षांनी त्यावर ब्लॉक पेव्हिंग, आणि प्रत्येक थराला जमीन वर. नियम असा की भिंतीतला ओलावारोधक थर, म्हणजे डीपीसी, बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान 150 मिमी वर हवा. इथे अंतर उरलं होतं जेमतेम 60. एअर ब्रिक डीपीसीच्या लगेच खालच्या थरात असते, त्यामुळे भोकांची खालची ओळ मातीने गच्च भरलेली होती. स्क्रूड्रायव्हर घातला तर ओला चिखल बाहेर यायचा.

मार्चअखेर काम झालं ते असं. भिंतीलगत 300 मिमी रुंद पट्टा डिस्क कटरने कापून काढला. आधी एक चाचणी खड्डा घेऊन पायाचं काँक्रीट कुठे आहे ते पाहिलं. हे टाळू नका: पायाच्या तळाखाली चर गेला तर ओल परवडली म्हणायची वेळ येईल. चराला जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), तळाशी 50 मिमी खडी, त्यावर 80 मिमीचा भोकांचा पाइप, 100 ला 1 उतार (6 मीटरला 60 मिमी), आणि वर 20 मिमीची धुतलेली खडी, डीपीसीच्या 150 मिमी खाली येईपर्यंत. त्यामुळे एअर ब्रिकच्या खालच्या कडेपासून खडीपर्यंत सुमारे 75 मिमी मोकळे राहिले.

पाइपचं पाणी गाळपेटीतून पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडलं आहे. नुसता खडीचा चर चिकणमातीत चालत नाही. पाणी मुरत नाही, त्याला वाट नसेल तर तो भिंतीलगतचा हौद होतो. शोषखड्डा करायचाच तर घरापासून 5 मीटर दूर, आणि आधी पाणी किती वेगाने मुरतं ते पाहून. सांडपाण्याच्या लाइनला मात्र परस्पर जोडू नका.

पेव्हिंगचा उतार घराकडे होता, म्हणून खडीच्या पट्ट्याबाहेर चॅनल ड्रेन, म्हणजे वर जाळी असलेली अरुंद नालीही टाकली: एकेक मीटरचे तुकडे, 100 मिमी काँक्रीटवर, जाळी फरशीपेक्षा 3 ते 5 मिमी खाली. चॅनल थेट भिंतीला चिकटवायचा सल्ला अनेकदा मिळतो, तो ऐकू नये. तो तुंबला की पाणी सरळ एअर ब्रिकमध्ये. उन्हाळ्यातल्या एका वादळी पावसात जाळीवर पानं साचून चॅनल भरून वाहिलाच, पण पाणी खडीत उतरलं, भिंतीपर्यंत पोचलं नाही.

समोरच्या 6 मीटर भिंतीतल्या एअर ब्रिकही बदलल्या. दर मीटर भिंतीला हवा जायला 1,500 चौ. मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे 9,000. जुन्या मातीच्या विटेत ती साधारण 1,400 च्या आसपासच मिळते, प्लास्टिकच्या त्याच मापाच्या (215 × 65) विटेत कितीतरी जास्त. हिशेबाने प्लास्टिकच्या दोन पुरल्या असत्या. कोपऱ्यात हवा साचू नये म्हणून तीन घातल्या. समोरासमोरच्या भिंतीत भोकं नसतील तर हे सगळं अर्धवट राहतं. मागे काँक्रीटच्या जमिनीचं एक्स्टेंशन असेल तर त्याखालून 100 मिमीचे पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत काढावे लागतात.

मागच्या बाजूला पायरीमुळे जमीन खाली घेता आली नाही, तिथे टेलिस्कोपिक व्हेंट, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे हवेचे मार्ग, बसवले. त्यांचं तोंड बाहेर वर आणि आत खाली असतं. ते पोकळीच्या दुहेरी भिंतीसाठीच आहेत, जुन्या सलग 9 इंची भिंतीत सहज बसत नाहीत. सांध्याला टेप आणि आतल्या टोकाभोवती मॉर्टर नीट नसेल तर हवा भिंतीच्या पोकळीतच फिरत राहते. हवेचं काम होतं हे खरं, पण डीपीसीच्या वर साठलेली माती तशीच राहते आणि भिंत ओल ओढतच राहते. म्हणून शक्य तिथे जमीनच खाली घ्यावी, व्हेंट नाइलाजाचा.

निकाल: ओलावा मोजणाऱ्या पिनवाल्या मीटरवर समोरच्या जॉइस्टची टोकं मार्चमध्ये 22 टक्के होती, आता जानेवारीत 16 ते 17. मागच्या बाजूला 19 वर अडकली आहेत. विटांवरचे चिखलाचे शिंतोडेही गेले, कारण थेंब खडीवर पडला की फुटून उडत नाही.

देखभाल लागते. गाळपेटी पहिल्या महिन्यातच भरली, आता दोन-तीन महिन्यांनी उपसतो. पानगळीनंतर खडीचा वरचा 50 मिमी थर काढून धुवावा लागला. 10 मिमीची शोभेची खडी घेऊ नका, ती पायाने पसरते आणि मांजरांना आवडते. हिवाळ्यात पाय गारठतात म्हणून विटांत कागद कोंबण्याचा मोह होईल. त्याऐवजी जॉइस्टच्या मध्ये जाळीवर मिनरल वूल (थंडी अडवणारं लोकरीसारखं अस्तर) बसवा, खालची हवा मोकळी ठेवून.